गाडीतल्या कुरडया

२६ एप्रिल, शनि.

गच्ची गेली! लिफ्टपाशी नोटीस लागलीय. सोलरची पॅनेलं बसवलीत, आता वर वाळवण, गाद्या, पापड काहीही घालायचं नाही. ही नोटीस आठ दिवस आधी लावली असती तर कुणाचे हात मोडले असते? माझे गहू परवापासून भिजतायत. आज दुसरं पाणी बदललं. उद्या वाटून चीक काढायचा. आणि मग कुरडया घालू कुठे, डोक्यावर?

बाल्कनीत ऊन येतं ते साडेआठ ते सव्वानऊ. तेवढ्यात पापडसुद्धा वाळत नाही.

रवी म्हणतो, "विकत आण ना मेधा, पनवेलच्या बाजारात ढिगानं मिळतात." त्याला काय जातंय म्हणायला. कुरडई विकत आणायची तर उन्हाळा कशाला असतो? आई गेल्यापासून तिचा सोऱ्या माझ्याकडे आहे. एकही उन्हाळा चुकवलेला नाही मी. मुद्दाच तो आहे.

२७ एप्रिल, रवि.

आप्पा आज परत गाडीत. मामंजींना या गाडीचं काय वेड लागलंय देव जाणे. नवी इलेक्ट्रिक घेऊन दीड महिना झाला, पैकी रवीने चालवली असेल सहा वेळा. रोज तर तो कंपनीच्या बसने जातो. गाडी खाली उघड्या पार्किंगमध्ये उन्हात उभी. तिच्यात खरे बसतात ते आप्पा. पाच वाजले की बंडीच्या खिशात ते किल्लीचं कार्ड टाकून खाली. मागच्या सीटवर बसून तासभर भजनं ऐकतात. घरात एसी आहे तो नको. म्हणे, "हितं डब्यात बसल्यासारखा वाटतो. गाडीत कसा, कुठंतरी जायला निंगालोय असा वाटतो."

गाडी आणली त्या दिवशी रवीने त्यांना दाखवलं होतं ते अजून आठवतं. कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगत होता, आप्पांना कमी ऐकू येतं ना. "आप्पा, आत चाळीसच्या वर गेलं ना, की एसी ऑटोमॅटिक चालू होतो! आपोआप! गाडी बंद असली तरी!"

"आत कोनी नसला तरी?"

"कोणी नसलं तरी!"

"मंग थंड कोनासाठी?"

मी हसून हसून लोटपोट. तेव्हापासून आप्पांचा शब्द 'आपसूक'. गाडी आपसूक थंड होते, हे कोन गावाहून येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याला सांगून झालंय.

२८ एप्रिल, सोम.

सुचलं! गाडी!!

दुपारी खाली भाजी आणायला गेले तेव्हा गाडीचं दार उघडलं तर भट्टी. इतकं ऊन फुकट चाललंय. चीक सकाळीच शिजवला होता. चार ताटांत कुरडया घातल्या, दोन डॅशबोर्डवर, दोन मागे. काचा बोटभर खाली. रवीला सांगायचं नाही. गाडीत बिस्किट खाल्लं तरी त्याचा जीव वरखाली होतो.

चार वाजता पाहिल्या तर लिबलिबीत. हात लावला तर बोटाला चिकटल्या. अरे देवा, हे काय? मग लक्षात आलं. चाळीस झाले की एसी चालू. माझ्या कुरडयांना गारवा देत बसलीय बया!

२९ एप्रिल, मंगळ.

ॲपमध्ये शोधून काढलं. 'उभ्या गाडीत आपोआप थंडावा'. समोर बटण. बंद केलं, ११ ला. चार वाजता ताटं वर आणली आणि परत चालू. बोलबोलता जमलं. कडकडीत! बोटाने टिचकी मारली तर टण्.

मी हुशार आहे. कुणी म्हणत नाही म्हणून स्वतःच लिहून ठेवते.

२ मे, शुक्र.

दुसरा घाणा भिजत. पहिला डब्यात भरला. आप्पांना दोन तळून दिल्या. "यंदा लय पांढऱ्या झाल्या," म्हणाले. मी नुसती हसले. रवी विचारेल म्हणून त्याला अजून दिलेल्या नाहीत.

दहावीची ऑनलाइन बॅच सुरू झाली, १२ ते १.३०. बावीस मुली. अर्ध्या कॅमेरा बंद करून झोपतात. नेमका तेव्हाच आप्पांचा टीव्ही, तोही अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. आज दोनदा बाहेर जाऊन सांगून आले.

५ मे

हॉस्पिटल. आप्पा आहेत. उद्या लिहीन.

६ मे, मंगळ.

लिहायलाच पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही म्हणून इथे.

काल सकाळी दुसऱ्या घाण्याच्या कुरडया गाडीत ठेवल्या. ११ ला थंडावा बंद केला. मी केला. माझ्या फोनवरून, या बोटाने.

१२ ला बॅच. टीव्ही मोठ्याने. मी बाहेर जाऊन ओरडले. हो, ओरडले. "आप्पा, जरा दुसरीकडे बसा ना हो! मला शिकवायचंय!" ऐकू येत नाही म्हणून नाही, चिडले होते म्हणून. त्यांनी टीव्ही बंद केला, उठले. मी खोलीत गेले, दार लावलं. ते त्यांच्या खोलीत गेले असं मी धरून चालले. गेले होते खाली.

पाऊणच्या सुमाराला फोनवर गाडीचा मेसेज: आतील तापमान ५६. मुलींना वर्गसमीकरण घातलं होतं सोडवायला. मी मेसेज पाहिला आणि मनात म्हटलं, वा, आज झकास वाळणार.

हे लिहून ठेवते. हे विसरायचं नाही मला.

बॅच संपल्यावर खाली गेले. आप्पांसाठी नाही गेले. कुरडया उलटायला गेले.

मागच्या सीटवर होते. डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं, अंग कोरडं आणि तापलेलं. हाका मारल्या तर नुसते हूं हूं. ताटं त्यांनी उचलून पुढच्या सीटवर एकावर एक, मध्ये वर्तमानपत्र घालून, नीट रचून ठेवली होती. त्या क्षणी मला ते दिसलं. माणूस त्या अवस्थेत आणि मला ताटं दिसतात.

किंचाळले. वॉचमन धावला. दुसऱ्या मजल्यावरची अंजुम तेवढ्यात मुलाला क्लासहून घेऊन आली होती. तिने मुलाला खाली उतरवलं, आप्पांना तिच्या गाडीत घेतलं, ओढणी बाटलीतल्या पाण्यात भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवली. "बिस्मिल्ला बोलो और बैठो, रोना बाद में." अंजुम नसती तर... नाही लिहवत.

बर्फाच्या पिशव्या काखेत, सलाइन. डॉक्टर माझ्यावर खेकसले, "या वयाचा माणूस बंद गाडीत? घरात कुणी बघणारं नाही का?"

मी होते ना घरात.

रवी पाचला पोचला. पण त्याच्या आधी मी घरी जाऊन आले होते. आप्पांचे कपडे आणायला, असं सिस्टरला सांगून. गाडीतली ताटं वर नेली. थंडावा चालू केला. मग कपडे घेतले. याच क्रमाने.

७ मे, बुध.

आप्पा शुद्धीवर, बोलतात. लघवी कमी होतेय म्हणून उद्यापर्यंत ठेवलंय. किडनीची काळजी आहे, रोज रक्त काढतात. हाताच्या शिरा फुटून काळ्यानिळ्या झाल्यात.

रवी पलंगाशी बसून विचारत होता, "आप्पा, गरम व्हायला लागल्यावर उतरलात का नाही?"

आप्पा म्हणाले, "वाट बघत होतो. म्हटला, होल आता सुरू. तू सांगितलास ना, आपसूक होतं. मंग झोप लागली."

रवी उठून बाहेर गेला. कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा. मी जवळ गेले तर म्हणाला, "मीच सांगितलं होतं गं. मीच शिकवलं त्यांना."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो वळून म्हणाला, "ॲपमध्ये तू काही बदललं नव्हतंस ना?"

"नाही."

इतकं पटकन आलं. विचार करायच्या आधीच आलं. आपसूक.

८ मे, गुरु.

आप्पा घरी. दोघांनी धरून आणलं. लिफ्टमध्ये आरशात स्वतःकडे बघून म्हणाले, "बारीक झालो का रं?" जन्म मिठागरात गेला या माणसाचा. पन्नास वर्षं डोक्यावर ऊन, पायाखाली खारं पाणी, त्याला कधी ऊन लागलं नाही. आणि माझ्या गाडीत.

रवीने कंपनीकडे तक्रार केली. या गाडीच्या मालकांच्या ग्रुपवर मोठी पोस्ट टाकली, "माझ्या वडिलांचा जीव जाता जाता वाचला, या फीचरवर विश्वास ठेवू नका." दोनशेच्या वर उत्तरं. कुणी शिव्या घालतंय, कुणी आपल्या कुत्र्याचं सांगतंय. एकीने लिहिलंय की ती बाळाचं सामान आणायला दोन मिनिटं... वाचवेना. फोन उलटा ठेवला. परत सुलटा केला. दिवसभर हेच चाललंय.

अन्नावर वासना नाही. रात्रीची भांडी दोनदा घासली.

९ मे, शुक्र.

सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन गेला. लॅपटॉप जोडून तासभर बसला. म्हणाला, गाडीत काही बिघाड दिसत नाही, पण कधी काय चालू होतं, कुणी बंद केलं, हे कळायला सगळी नोंद कंपनीकडून मागवावी लागेल. त्याला मालकाची परवानगी लागते.

रवी तडकला, "कुणी बंद केलं म्हणजे? आम्हीच बंद केलं म्हणताय का?"

"तसं नाही सर, प्रोसेस आहे."

"मागवा. सगळं मागवा!"

मी चहा देत होते. कप टेबलावर ठेवले आणि आत निघून आले.

संध्याकाळी जिन्यात अंजुम. आप्पांची चौकशी केली, मग सहज, "मेधा, वो आगे की सीट पे काय होतं? सेवया होत्या का? मी मुलाला सांगत होते, अम्मी पण ईदला अशाच सुकवायची."

"कुरडया," म्हटलं. "वाळवण होतं."

"गाडीमध्ये? बढिया आयडिया!" आणि हसत गेली. तिच्या मनात काही नाही. पण ती रवीला भेटली की हेच बोलेल, एवढंच प्रेमाने बोलेल.

१० मे, शनि.

आज रवीने जे केलं त्यानंतर मला जागेवर बसवत नाहीये.

एक वाजता थर्मामीटर आणि पाण्याची बाटली घेऊन खाली गेला. "मी स्वतः बसून बघतो." मी म्हटलं, वेडा आहेस का, मी म्हटलं, नको, हात धरला त्याचा. ऐकेना. बाल्कनीतून बघत होते. मागच्या सीटवर, आप्पांच्याच जागेवर. काचा बंद. पाच मिनिटं. दहा. मला माहीत होतं की चालू होणार, मीच चालू केलंय ना. तरी कठडा धरून उभी. झालं नाही तर? हे बटण मी खरंच दाबलं होतं का? ॲप उघडून बघितलं. चालू. परत बघितलं. चालू.

वर आला तो शर्ट अंगाला चिकटलेला.

"चाळीसला चालू झाला एसी. बरोब्बर चाळीसला." सोफ्यावर बसला. "माझ्यासाठी होतो चालू. त्यांच्यासाठी झाला नाही." आणि मग, लहान पोरासारखा, हुंदका. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, रवीला असा रडताना सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं. म्हणाला, "ते तिथे बसून माझ्या शब्दावर वाट बघत होते, मेधा."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. याच हाताने. शी!

मी कसली बाई आहे? कुरडयांपायी म्हाताऱ्याचा जीव घेत होते, ते झालं ते झालं, चूक झाली. पण हे आता चाललंय ते चूक नाही. हे मी रोज सकाळी उठून परत करतेय.

६.१० ला फोन वाजला. गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून मेसेज मला. 'आपल्या वाहनाच्या नोंदी तपासणीसाठी पाठवण्यास परवानगी द्या.' खाली दोन बटणं. परवानगी आहे. नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत.

रवी आतून, "आला का गं त्यांचा मेसेज?"

"नाही अजून."

दुसऱ्यांदा.

११ मे, रवि.

सकाळी आप्पा काठी टेकत स्वयंपाकघरात आले. आठवड्यात पहिल्यांदा. स्टुलावर बसले. दम लागला होता.

"आज कुरड्या तळ."

मी पहिल्या घाण्याचा डबा काढला. त्यांनी मान हलवली. "त्या नाय. त्या दिशीच्या."

त्या दिवशीच्या वरच्या फळीवर, पिशवीत, मागे ढकललेल्या. टाकवल्या नव्हत्या, बघवतही नव्हत्या. काढल्या. आप्पांनी एक हातात घेतली, उजेडात धरली.

"तुटल्या नाय ना? मी बेतानं ठेवल्या होत्या. एकीलाबी धक्का नाय लागू दिला."

"नाही आप्पा. एकही नाही तुटली."

"चांगल्या वाळल्यात." थोडं थांबून, "थंडाव्यात नाय वाळत या. मीठ पन तसाच. सावली पडली का कच्चा राहतो."

एवढंच. मी त्यांच्याकडे बघितलं, ते कुरडईकडे. त्यांना माहीत आहे का? कधीपासून? तिथे बसले होते तेव्हापासून? विचारायचं होतं. पायावर डोकं ठेवून विचारायचं होतं. तेल तापलं होतं, ते म्हणाले, "सोड आता, जळल तेल." सोडली. फुलली, कढईभर.

जेवायला तिघं. वरण-भात, कैरीचं लोणचं, कुरडया. रवी आठ दिवसांत पहिल्यांदा नीट जेवला. आप्पा जेवताहेत म्हणून जेवला. तिसरी कुरडई मोडता मोडता म्हणाला, "काय मस्त झाल्यात गं! नुसत्या विरघळतात." आणि चौथी घेताना, "पण गच्ची तर बंद आहे ना? कुठे वाळवल्यास?"

आप्पांचा घास तोंडाशी थांबला. कमी ऐकू येतं त्यांना, पण ऐकलं. माझ्याकडे नाही बघितलं. ताटाकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "सांगते. आधी जेव."

तिसऱ्यांदा 'नाही' म्हटलं नाही, एवढंच काय ते.

जेवणं झाली. ताटं तशीच आहेत. आत येऊन दार अर्धवट लोटून हे लिहितेय, फोन शेजारी आहे, दोन्ही बटणं अजून तशीच. रवीने हात धुतले. पंखा लावला. आप्पांना गोळी दिली, त्यांची उशी नीट केली, "झोपा जरा," म्हणाला. आता चपलांचा आवाज. इकडेच येतोय.

"मेधा? अगं, सांगणार होतीस ना?"